माल झाका!

३ फेब्रुवारी. आज रॅकच्या जाळ्या धुवायला काढल्या. द्राक्षं यायला अजून थोडा अवधी आहे, पण जाळीवर गेल्या वर्षीचा चिकटा राहिला तर नव्या बेदाण्याला डाग पडतो, आणि डागाळलेला माल सांगलीच्या सौद्यात कुणी हातातसुद्धा धरत नाही. बायका पाइप आणि ब्रश घेऊन कामाला लागल्या. त्यातल्या काही या हंगामाला नवीन आहेत. त्यांनी आल्या आल्याच मागणी केली की निवडणीच्या वेळी शेडमध्ये स्पीकर पाहिजे. दिवसभर मान खाली घालून बेदाणे निवडायचे तर कानाला काहीतरी लागतं, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं.

कोपऱ्यात हौसाक्का बसली होती. तिच्याच्यानं आता काम होत नाही, पण ती येते, चहा पिते आणि सगळ्यांच्या कामाला नावं ठेवते. ती म्हणाली, "स्पीकर कशाला? ह्या शेडात आबा पुस्तक वाचायचे. लय रडलोय आमी हितं. मजा यायची."

"रडायला मजा?" एका पोरीनं विचारलं.

हे समजावून द्यायचं तर सुभेदार सांगावे लागतात. मी सांगायला लागले आणि निम्म्या जाळ्या तशाच राहिल्या. प्रत्येक नव्या बाईला हे सांगत बसले तर हंगाम निघून जाईल, म्हणून एकदा लिहूनच काढते.

सुभेदार म्हणजे या शेडचे पहिले मालक; बायका त्यांना आबा म्हणायच्या. फौजेतून निवृत्त झाल्यावर कवठे महांकाळच्या बाहेर माळावर त्यांनी ही शेड उभी केली. मी त्यांच्याकडे वजन, हजेरी, गाड्या सगळं बघायचे. माणूस उंच, ताठ, आणि मिशा अशा की समोरच्यानं आपोआप पाय जुळवावेत. असा माणूस जुन्या काळातल्या दुःखी प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून ढसाढसा रडतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी नोकरी धरली नसती.

त्यांचा क्रम ठरलेला. सकाळचा चहा झाला की शिट्टी. बायका ताडपत्रीवर आपापल्या ढिगापुढं बसायच्या, काड्या आणि काळे दाणे वेगळे करायला सुरुवात करायच्या, आणि सुभेदार डाव्या हातात पुस्तक धरून ढिगांच्या मधल्या वाटेनं चालत वाचायचे. पायांत बूट. ढिगांची ओळ संपली की वळायचे, तेही कवायतीत वळतात तसं. आवाज परेडच्या मैदानाचा. "चंद्र झरोक्यातून डोकावत होता" हे वाक्य ते असं वाचायचे की चंद्रानं सावधान व्हावं.

आणि एक हुकूम होता. प्रत्येकीजवळ एक स्वच्छ पांढरं फडकं असायचं. पुस्तकात कुणी मरायला टेकलं, कुणाची ताटातूट व्हायची वेळ आली, की सुभेदार जागच्या जागी थांबून ओरडायचे, "माल झाका!" की सगळ्या बायका फडकं ढिगावर टाकायच्या, हात पदराला पुसून मांडीवर घ्यायच्या आणि रडायला तयार व्हायच्या. कारण सरळ होतं. बेदाण्याला ओल चालत नाही.

मी एकदा म्हटलं, "सुभेदार, डोळ्यांतल्या पाण्यानं असा किती माल भिजणार आहे?"

"बाई, थेंब एक असो की शंभर, ओल ती ओल. आणि रडणं हे काम आहे. हातात दुसरं काम असताना ते नीट होत नाही."

रडून झालं की पुन्हा शिट्टी, फडकी बाजूला, निवडणी सुरू. मला आधी वाटलं होतं की यात दिवस वाया जातो. मी मुद्दाम लक्ष ठेवलं. निवडणी उलट जास्त व्हायची. पुढं काय होणार या उत्सुकतेनं बायका जागच्या हलायच्या नाहीत, आणि बोलायला तोंड मोकळं नसल्यामुळं हात चालायचे. त्यानंतर मी त्या बाबतीत तोंड मिटलं.

कादंबऱ्यांची प्रतवारीही ते बेदाण्यासारखी करायचे. सांगलीच्या वाचनालयातून पिशवीभर पुस्तकं आणायची, घरी एकेक वाचायचं आणि ठरवायचं. ज्यात फक्त नायिका रडते ती दोन नंबर. ज्यात आपण रडतो ती एक नंबर. शेवटी लग्न होऊन सगळे सुखात राहतात ती काळा माल, ती शेडमध्ये यायचीच नाही.

"लढाई जिंकली की तिचा इतिहास होतो," ते म्हणायचे, "हरली की कादंबरी होते."

या नादाचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. फौजेत असताना एका बर्फाळ ठाण्यावर कुणीतरी टाकून गेलेली अशीच एक कादंबरी त्यांच्या हाती लागली. "लढाई मी पाहिलेली होती, बाई. पण घरी मागं राहिलेलं माणूस वाट कशी बघतं, ते मला त्या पुस्तकात कळलं."

त्यांच्या पत्नी तेव्हा चहाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर फुकटात सांगितलं असतं."

मी स्वतः या वाचनाच्या विरोधात होते, आणि ते लपवत नव्हते. मला त्या कादंबऱ्यांतली माणसं समजायचीच नाहीत. एक निरोप वेळेवर पोचला असता तर पुढची तीनशे पानं लिहावीच लागली नसती, पण निरोप्या नेहमी नदीत बुडतो. दुसरा निरोप्या पाठवायचं कुणाच्या डोक्यात येत नाही. नायिका खिडकीत उभी राहते आणि झुरते. तिला ताप येतो, पण वैद्याला कुणी वेळेवर बोलावत नाही. मी हे वजनकाट्याजवळून मोठ्यानं म्हणायचे आणि सुभेदार पुस्तकावरून नजर न काढता म्हणायचे, "बाई, आपण काट्याकडं लक्ष द्या."

बायकांतही एकमत नव्हतं. हौसाक्काला रडायला मनापासून आवडायचं. "घरी दुःख काय कमी हाय व्हय? पर तिथं रडाय सवड न्हाई. हितं बसून दुसऱ्याच्या नावानं रडलं की आपलंबी त्यातच उरकतंय, आणि हजेरी बी लागतीया."

मदिनाभाभींना रडणं अजिबात मान्य नव्हतं. त्यांना दागिन्यांची वर्णनं, मसलती आणि मेजवान्या आवडायच्या, आणि त्या मधेच हटकायच्या. "आबा, दोन हजार घोडा आला म्हणता, तर एवढ्या लोकांच्या भाकरी कुणी थापल्या? ते लिवलंय का बगा." ते कधीच लिहिलेलं नसायचं.

एकदा त्या थोड्या वेगळ्या सुरात म्हणाल्या, "आमच्यातला माणूस गोष्टीत आला की मी आधी बगत बसती, हा गद्दारी कवा करतोय. तवर जीवाला चैन न्हाई." सगळ्या हसल्या, त्याही हसल्या, पण सुभेदार हसले नाहीत. पुढच्याच खेपेला ते सांगलीला जाऊन अर्धा दिवस वाचनालयात बसले आणि तोफखान्यातला एक इमानी मुसलमान गोलंदाज असलेली कादंबरी शोधून घेऊन आले. गोलंदाज खरोखरच फार भला माणूस होता. तिसऱ्याच प्रकरणात सुभेदारांना "माल झाका" म्हणावं लागलं.

"बगा!" मदिनाभाभी कपाळावर हात मारून म्हणाल्या. "चांगला हुता म्हणून लगीच मारला!"

सांगलीच्या एका व्यापाऱ्याची गंमत तर अजून सांगतात. तो माल बघायला आला तेव्हा सगळ्या ढिगांवर पांढरी फडकी, सगळ्या बायका पदर तोंडाला लावून बसलेल्या आणि सुभेदार मधोमध उभे, मिशा भिजलेल्या. व्यापाऱ्यानं चपला दारातच काढल्या. हात जोडून खालच्या आवाजात त्यानं विचारलं, "कधी झालं हे?"

सुभेदार रुमालानं नाक पुसत म्हणाले, "अडीचशे वर्षं झाली असतील."

तो व्यापारी त्या दिवशी उभ्यानं राणीसाहेबांचं ते प्रकरण ऐकून भाव न बोलताच गेला. पुढच्या आठवड्यात आला तो थेट माझ्याकडे. म्हणाला, "ताई, माल नंतर बघू. त्या राणीसाहेबांचं पुढं काय झालं?"

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक आलं.

गोष्ट एका तरुण शिलेदाराची. लग्न होऊन थोडेच दिवस झालेले, आणि त्याला उत्तरेच्या मोहिमेवर जायचा हुकूम येतो. बायको गावी राहते. तो मजल दरमजल उत्तरेला जातो, ती दारातल्या वृंदावनाशी दिवा लावते, आणि एक प्रकरण त्याचं, एक प्रकरण तिचं असं पुस्तक पुढं सरकतं. बायका पहिल्या दिवसापासून त्या शिलेदारावर खूष. हौसाक्का तर त्याला "आपला पोरगा" म्हणायची. "आपला पोरगा आज कुठवर गेला, आबा?" हा रोजचा पहिला प्रश्न.

त्या हंगामाला सारिका नवीनच आली होती. विशीतली, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. नवरा फौजेत, सीमेवर. घरी ती आणि सासू. हात असा की बघत राहावं. पुस्तकाकडं कान, नजर सुभेदारांच्या बुटांवर, आणि बोटं आपली काडी बरोबर उचलून बाजूला टाकतायत. तिच्या ढिगातला माल मी पुन्हा तपासायचे नाही.

पहिले काही दिवस ती सगळ्यांत जास्त रमली होती. मग गप्प झाली. पुस्तकात शिलेदाराच्या दंडाला भाला लागला, त्याच संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं फोनवर सांगितलं की ताप आलाय. एवढं तिला पुरलं. त्यानंतर शिलेदार बरा झाला की तीही हसायची, शिलेदार नदीत उतरला की हिचे हात थांबायचे. मग नवऱ्याची तुकडी पुढच्या ठाण्यावर गेली. तिथं फोन लागत नाही हे तो सांगून गेला होता. पण त्याच दिवशी शिलेदाराचा निरोप्या नेहमीप्रमाणं नदीत बुडाला.

चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली. "ताई, शेवट काय हाय ओ त्याचा?"

"मला काय माहीत? मी वाचत नाही."

"मागचं पान बगून सांगा की. तुमाला कोण काय म्हणणार न्हाई."

मागचं पान बघणं हा सुभेदारांच्या शेडमध्ये गुन्हा होता. पण मला असल्या लपवाछपवीचं काही पडलेलं नव्हतं. मी सरळ त्यांनाच जाऊन विचारलं. "मरतो का तो?"

"मरायलाच पाहिजे," सुभेदार म्हणाले. "एक नंबरचं पुस्तक आहे."

"मग बंद करा ते. ती पोर त्यात स्वतःच्या नवऱ्याला बघायला लागलीय."

"बाई, मी आजपर्यंत अर्ध्यातून मार्च सोडलेला नाही."

बातमी शेडमध्ये पसरायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी दोन फळ्याच पडल्या. मदिनाभाभी म्हणाल्या, पुस्तक आत्ताच्या आत्ता ट्रंकेत घाला. एका लेकीच्या जीवाला घोर लावून आपण कसल्या गोष्टी ऐकायच्या? हौसाक्का उसळली. "आणि आमच्या जीवाला घोर न्हाई व्हय? आपला पोरगा तिकडं रणात उभा हाय, आणि तुमी म्हणता पाठ फिरवा? मेला तर मेला, पर मेला का जगला हे तरी कळाय नको?"

"कळून काय करणार हाईस? तेराव्याला जाणार हाईस व्हय?"

"जाईन की!"

कुणी म्हणालं, आबांनी एकट्यानं वाचावं आणि नुसतं हो का नाही एवढं सांगावं. कुणी म्हणालं, सारिकानं त्या दिवशी सुट्टी घ्यावी. त्यावर सारिका स्वतः बोलली. आवाज चढलेला नव्हता. "मी घरी बसली म्हणून काय तो जगणार हाय? वाचा तुमी. पर एक सांगती. शिलेदार मेला तर मी ह्या शेडात परत येणार न्हाई."

आता यात धमकी नव्हती. तिला खरंच जमलं नसतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. आणि मला हेही दिसत होतं की सांगलीचा मोठा सौदा जवळ आलाय, आणि तिच्यासारखा हात मला तालुक्यात शोधून सापडणार नाही. त्या संध्याकाळी मी सुभेदारांना तेवढंच म्हटलं. ते पुस्तक काखेत मारून घरी गेले.

सकाळी शिट्टी झाली. शेवटचं प्रकरण. शेडमध्ये फक्त पंख्याचा आवाज. सुभेदार वाचायला लागले. रणभूमीवर धुकं होतं, इथपर्यंत सगळं ठीक होतं. तोफा धडाडल्या, घोडे खिंकाळले, शिलेदार शत्रूच्या गोटात शिरला. हौसाक्काचा हात आपोआप फडक्याकडं गेला होता. पण हुकूम येईना. सुभेदार चालायचे थांबले. घसा खाकरला. आणि मग वाचलं:

"एवढ्यात मागून कुमक पोहोचली. शत्रू पळाला. शिलेदाराची प्रकृती चांगली होती. वरिष्ठांनी त्याच्या कामगिरीची दखल घेतली आणि त्याची दोन महिन्यांची रजा मंजूर झाली."

हौसाक्कानं फडक्यावरचा हात मागं घेतला.

"शिलेदार ठरल्या वेळी गावात हजर झाला. त्यानं घोड्याला पाणी दाखवलं, सामान उतरवलं आणि घरी रिपोर्ट केला. पत्नीनं दार उघडलं. सर्व कुशल होतं."

हौसाक्कानं मान वर केली. "आबा, तवाच्या काळात रजा मंजूर व्हायची व्हय?"

"व्हायची," सुभेदार म्हणाले.

"दोन म्हैन्यांची?"

"कामगिरी बघून द्यायचे."

"आणि पान उलटा की ओ," मदिनाभाभी म्हणाल्या. "मघाधरनं एकच पान धरून हुबं हाईसा. एवढं सगळं त्या एका पानात मावलं व्हय?"

आणि शेड फुटली. अशी हसली की पत्र्याखालची कबुतरं उडाली. ज्या मदिनाभाभी पुस्तक बंद करा म्हणून भांडल्या होत्या त्याच सगळ्यांत जास्त हसत होत्या. "घरी रिपोर्ट केला! घोड्यासकट!" हौसाक्का डोळे पुसायला लागली, फडकं न टाकता. सुभेदार लाल झाले होते. शेवटी त्यांनाही हसू आलं. इतकी वर्षं एक नंबरच्या कादंबऱ्या वाचलेल्या माणसाला एक परिच्छेद जोडता येऊ नये, याची मलाही मजा वाटली. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं कौतुकही वाटलं. अर्ध्यातून मार्च न सोडणाऱ्या माणसानं एका पोरीसाठी आख्खी मोहीम फिरवली होती.

हसली नाही ती फक्त सारिका. ती उठून उभी राहिली.

"आबा, आमच्या गल्लीतल्या थोरल्या वहिनींच्या दारात तुमीच गेलतासा न्हवं?"

हसणं बंद झालं. आमच्या भागात घरटी फौजेत माणूस आहे. पलटणीकडून वाईट बातमी यायची असली की ती घरी कळवायला एखाद्या निवृत्त फौजीला सोबत घेतात. आमच्याकडे ते काम सुभेदारांकडं यायचं. ते दारात गेले की आधी डोक्यावरची टोपी काढायचे, मग बोलायचे. हे तालुक्यात सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी कधी बोलायचं नाही.

"व्हय," सुभेदार म्हणाले. वाचतानाची त्यांची भाषा गेली होती.

"उद्या माझ्या दारात यायची पाळी आली तर तवाबी असंच वाचणार व्हय? सगळं कुशल हाय, रजा मंजूर झालीया म्हणून?"

सुभेदारांनी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. मी त्यांना माल परत आलेला असताना पाहिलंय, अवकाळीत रॅक आडवे झालेले असताना पाहिलंय. असे उभे राहिलेले कधी पाहिले नव्हते.

"न्हाई, पोरी," ते म्हणाले. "तवा खरंच सांगणार."

"मग हितंबी खरंच वाचा. गोष्टीत खोटं बोलायला लागलासा तर तितं मी तुमच्यावर इस्वास कसा ठेवायचा?"

मी मधे पडणार होते. सारिका, राहू दे, बस खाली, असं काहीतरी म्हणणार होते. पण तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. ती खाली बसली, आपलं पांढरं फडकं झटकलं आणि स्वतःच ढिगावर पसरलं. चारी कोपरे नीट ओढले. मग हात मांडीवर घेतले. तिचं बघून मदिनाभाभींनी फडकं टाकलं, हौसाक्कानं टाकलं, ओळीनं सगळ्यांनी टाकलं. त्या दिवशी हुकूम सुभेदारांनी दिलाच नाही.

ते प्रकरणाच्या सुरुवातीला गेले आणि धुक्यापासून पुन्हा वाचलं. यावेळी चालले नाहीत. एका जागी उभं राहून, सावकाश, साध्या आवाजात. कुमक पोहोचली नाही. शिलेदार पडला. बायका रडल्या. हौसाक्का तर अशी रडली की रस्त्यावरून जाणारा एक माणूस डोकावून गेला. मदिनाभाभी शपथ घेतल्यासारख्या कोरड्या डोळ्यांनी बसल्या आणि शेवटी त्यांचाही पदर वर गेला. सुभेदारांच्या मिशा नेहमीसारख्या भिजल्या. मी काट्यावरची वजनं पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

सारिका रडली नाही. शेवटचं पान असं होतं: गावात सगळ्यांना बातमी कळलेली आहे, बायकोलाही कळलेली आहे, तरी ती संध्याकाळी वृंदावनाशी दिवा लावते. समाप्त.

"संपलं?" सारिकानं विचारलं.

"संपलं."

"हितंच? तिचं पुढं काय झालं?"

"एवढंच लिहिलंय."

"आवं, पर ती तर अजून जिती हाय की! वीस वर्सांची बी न्हाई. लिवणाऱ्याला तिचं पुढचं काय पडलंच न्हाई व्हय?"

"अगं तेच म्हणते मी!" हे माझ्या तोंडून गेलं. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सुभेदारांनी पुस्तक मिटलं. त्यांनी शिट्टीही वाजवली नाही. बायकांनी आपणच फडकी बाजूला केली आणि कामाला लागल्या. सारिका संध्याकाळपर्यंत निवडत बसली आणि सुटी झाल्यावर कुणाला न सांगता निघून गेली.

त्यानंतरही सुभेदारांनी बरीच पुस्तकं वाचली. शेवट मात्र कधी बदलला नाही. पुढं त्यांच्या डोळ्यांनी त्रास द्यायला सुरुवात केली, पत्नी गेल्या, आणि ते साताऱ्याला लेकीकडं राहायला गेले. जाताना शेड माझ्या हवाली केली. तिथं नातीनं त्यांना फोनवर कादंबऱ्या ऐकायची सोय करून दिलीय. ते मला फोन करून तक्रार करतात, "बाई, हा वाचणारा माणूस स्वतःच रडतो. मग ऐकणाऱ्यानं काय करायचं? शिस्त नाही." मी त्यांना यंदाचा भाव सांगते. ते म्हणतात, "भाव राहू द्या. बायका हल्ली काय ऐकतात?"

पण निळं पुस्तक संपलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचं सांगायचं राहिलं.

सकाळी सारिका आली नाही. चहा झाला तरी तिची जागा रिकामी. हौसाक्का म्हणाली, बोलली तसं केलं पोरीनं. सुभेदार उठले, खुंटीवरची टोपी काढली आणि डोक्यावर ठेवली. "मी जाऊन बघून येतो."

"खाली बसा," मी म्हटलं. "तुम्ही तिच्या दारात? सकाळी सकाळी? टोपी घालून? ती दार उघडायच्या आधीच खलास होईल."

ते बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी स्कूटर काढली आणि तिच्या गल्लीत गेले. दार लोटलेलं होतं. कडी वाजवली. आतून भांड्याचा आवाज आला आणि सारिकानं दार उघडलं. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. तिनं माझ्याकडं पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून मागं, गल्लीच्या तोंडापर्यंत पाहिलं.

"एकटीच आलेय," मी म्हटलं.

तिनं चौकट धरली. मग म्हणाली, "नळाला पाणी आलतं ताई. चार दिसांनी आलं. सोडून कशी येऊ?"

"भरून झालं?"

"एक घागर ऱ्हायलीय."

घागर भरेपर्यंत मी उंबऱ्याशी थांबले. ती मागं बसली आणि आम्ही निघालो. माळाचा रस्ता लागला आणि ती माझ्या कानाशी तोंड आणून वाऱ्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागली. "ताई, मी रात्री इचार केला. त्या शिलेदाराच्या बायकोनं माघारी आलेला घोडा इकला असणार. दिवा लावून पोट भरत न्हाई. घोडा इकून बैलजोडी घेतली. मग तिचा दीर आला, म्हणाला जमीन माझी. तर ती गप बसली आसंल व्हय? ती सरळ गेली पाटलाकडं, आणि पाटील काय म्हणाला ठावं हाय का?"

शेडचा पत्रा समोर दिसायला लागला होता. मी स्कूटर हळू केली.